आवाका

मंत्रालयाच्या फॉर्ममध्ये सातवा रकाना:
संशोधनाचा आवाका. दोनशे अक्षरांत,
रिकाम्या जागा धरून.

मी हिशेबनीस. माझा आवाका म्हणजे
प्रवासभत्ता, प्रिंटरची शाई,
आणि कॉफीची ती बरणी
जिच्यात कुणीच नाणं टाकत नाही.
तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
मी वही घेतली आणि जिना चढले.

बारा नंबरात हिल्लार. कानांवर हेडफोन.
चारच सेकंदांचा आवाज, सकाळपासून.
तळ्याकाठच्या शेवटच्या गावातली लोवीसे, वय एक्क्याण्णव,
एक शब्द बोलते आणि मग खोकते.
पाणी गोठायच्या आदल्या रात्री
तळं जे कण्हतं, त्याचा शब्द.
कोशात नाही. शेजारच्या गावातही नाही.
"खोकला शब्दाचाच भाग आहे का,
एवढंच ठरत नाहीये," तो म्हणाला.
मी लिहिलं: भाषा. खोकला खोडला.

चौदा नंबरात लेएलो, खेड्यांच्या बसगाड्यांवर अहवाल.
भिंतभर तक्ते. त्यातली एक ओळ पिवळी:
मंगळवारची फेरी, जाताना प्रवासी एक,
येताना प्रवासी एक, कांद्यांचं पोतं एक.
दर माणशी खर्च एवढा, की
तेवढ्यात टॅक्सी करून वर जेवणही घालता येईल.
शिफारस: फेरी बंद करावी.
हे वाक्य तिनं सहा वेळा लिहिलं होतं,
सहा वेळा पुसलं होतं.
"आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली,
जसं कुणी ताप मोजून सांगतं.
मी लिहिलं: धोरण.

एकोणीस नंबरात ताव्हेत. फळ्यावर ठिपके, ठिपक्यांना रेघा,
अकरा वर्षं एकच प्रश्न.
मी विचारलं, थोडक्यात सांगाल?
त्यानं बोटानं एक रेघ पुसली.
जाळं दोन तुकड्यांत पडलं.
"अशा रेघेला आम्ही पूल म्हणतो.
पूल शोधणं सोपं. कुठलं जाळं पुलाशिवाय
किती काटकसरीनं उभं राहील, ते अवघड."
आणि पुलाची किंमत?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू
मी फळ्याचं वजन विचारलं होतं.
"किंमत नसते. तो असतो किंवा नसतो."
हा माणूस वर्षानुवर्षं नदीपलीकडेही गेलेला नाही.
मी लिहिलं: गणित.

भाषा, धोरण, गणित.
अक्षरं उरली, वाक्य संपलं.
तीन तिघाडा म्हणतात ते हेच असावं.

खाली येऊन मी बिलं लावायला बसले.
हिल्लारचा लिफाफा: तिकिटं, चुरगळलेली,
सगळी मंगळवारची. जायचं एक, यायचं एक.
आणि एका पावतीमागे त्याच्या तिरक्या अक्षरात:
"कांदे, एक पोतं. लोवीसेनं पैसे घेतले नाहीत.
भत्त्यात धरू नये."

मी पेन खाली ठेवलं.
वर तीन खिडक्या, मध्ये पाच बंद दारं.
एकाला माहीत नाही की तो पिवळी ओळ आहे.
एकीला माहीत नाही की तिच्या आकड्याला
घरी कांदे सोलताना डोळ्यांत पाणी येतं.
तिसऱ्यानं आत्ताच जे बोटानं पुसलं,
त्याला वेळापत्रक आहे, सकाळी सात दहा.

सांगावं का? मी संशोधक नाही.
आणि एका माणसासाठी, एका शब्दासाठी
गाडी चालवावी असं कोण म्हणेल,
मी तरी म्हणेन का, करदाती म्हणून?
खरंच माहीत नाही.

तरीही जाताना एक तिकीट
मी लेएलोच्या दाराखालून सरकवलं.
चिठ्ठी जोडली नाही.

सातवा रकाना अजून कोराच आहे.
मुदत शुक्रवार.
आज रात्री उणे नऊ होईल म्हणतात,
वारा पडलाय,
तळं बहुधा आत्ता तो शब्द बोलत असेल.